कौल एकदाच घ्यायचा की पुन्हा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यासाठी घेतलेल्या सार्वमतावर गेल्या अंकात लेख आला आणि पत्रांचा ओघ लागला. लोकांनी कौल दिला, विषय संपला, असे काहींचे म्हणणे. इतक्या निसटत्या फरकावर देशाचे भवितव्य ठरवू नये, पुन्हा विचारा, असे इतरांचे. त्यातली निवडक पत्रे घेतली आहेत. काही वाचकांनी हाच वाद आपल्या गावाच्या आणि सोसायटीच्या दारात आणून ठेवला, हे बरेच झाले.

प्रश्न (जुळे सोलापूर) : ५२ विरुद्ध ४८ म्हणजे जवळजवळ निम्मा देश ‘नको’ म्हणत होता. तरी निकाल पाळायचा? तुमचे मत आडपडदा न ठेवता सांगा.

उत्तर : पाळायचा. पण ज्याचा निकाल लागला तेवढाच पाळायचा. नंतर कुणी त्याच्या शेपटाला बांधलेल्या गोष्टी पाळण्याचे बंधन कुणावर नाही.

आधी आकडे. २३ जून २०१६ ला ‘बाहेर पडा’ला १,७४,१०,७४२ मते पडली आणि ‘राहा’ला १,६१,४१,२४१. फरक १२ लाख ६९ हजारांचा. २०११ च्या जनगणनेत आपले सोलापूर शहर साडेनऊ लाखांचे होते, म्हणजे फरक अख्ख्या सोलापूरहून मोठा. टक्क्यांत तो निसटता दिसतो, माणसांत मोजला तर दिसत नाही. मतदान ७२.२ टक्के झाले.

निम्म्याहून एक मत जास्त एवढ्यावर भागणार की ६० टक्के लागणार, हे ठरवायला हरकत काहीच नाही, फक्त ते मतदानाआधी ठरवावे लागते. ब्रिटनच्या २०१५ च्या सार्वमत कायद्यात किमान मतांची अट घातलेली नव्हती. विजयी बाजूला ६० टक्के मते नसतील आणि मतदान ७५ टक्क्यांहून कमी असेल तर पुन्हा मतदान घ्या, अशा अर्जावर निकालानंतर ४० लाखांहून अधिक सह्या झाल्या. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की तो अर्ज मतदानाआधी, आपण हरणार असे वाटणाऱ्या ‘बाहेर पडा’वाल्या माणसानेच सुरू केला होता. डाव संपल्यावर नियम बदलायची इच्छा दोन्ही बाजूंना होते. म्हणूनच ती मानायची नसते.

आता निकाल कशाचा लागला ते पाहा. मतपत्रिकेवर प्रश्न होता, युरोपीय संघाचे सदस्य राहायचे की संघ सोडायचा. सामायिक बाजारपेठेत राहायचे का, जकात एकत्र ठेवायची का, आयर्लंडच्या सीमेवर तपासणी करायची का, यांपैकी काही विचारलेच नव्हते. वाडा सोडायचे बहुमताने ठरले, मुक्काम कुठे हलवायचा ते ठरलेच नाही, अशी गत झाली. शिवाय ते सार्वमत कायद्याने सल्ल्यापुरते होते. सरकारला संघ सोडण्याची नोटीस परस्पर देता येणार नाही, संसदेची संमती लागेल, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ८ विरुद्ध ३ अशा बहुमताने सांगितले. संसदेने कायदा केला, २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. मग बाहेर पडण्याच्या अटींचा संघाशी करार होऊन आला तेव्हा १५ जानेवारी २०१९ ला त्याच संसदेने तो ४३२ विरुद्ध २०२ असा फेटाळला. ‘बाहेर’ या एका शब्दाचे चार अर्थ होते आणि चारही बाजूंना आपापला अर्थ म्हणजेच लोकांचा कौल वाटत होता.

त्या टप्प्यावर ‘हा करार मान्य आहे का’ असे लोकांना विचारले असते तर ते रास्त ठरले असते, कारण तो कागद २०१६ साली कुणी पाहिलेलाच नव्हता. जुनाच प्रश्न तसाच पुन्हा विचारणे मात्र रास्त नव्हते. पुढे डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीतून मार्ग निघाला आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. आता परत जायचे म्हटले तर नव्याने अर्ज करावा लागेल आणि त्याला संघातल्या प्रत्येक देशाची संमती लागेल.

प्रश्न (दक्षिण कसबा) : डेन्मार्क आणि आयर्लंडने ‘नाही’ म्हटल्यावर तिथे पुन्हा मतदान घेतले. मनासारखा निकाल लागेपर्यंत विचारत राहायचे, ही लबाडी नाही का?

उत्तर : दोन मतदानांच्या मधल्या काळात काय घडले, ते पाहिल्याशिवाय लबाडी म्हणता येणार नाही.

डेन्मार्कने २ जून १९९२ ला युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्त करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. फरक ५० हजार मतांच्या आत होता. सरकारने ‘तुमचे चुकले’ म्हटले नाही. लोकांचा आक्षेप कशावर आहे ते शोधून डिसेंबरात एडिंबरोच्या बैठकीत चार सवलती मिळवल्या. सामायिक चलन घेणार नाही, संरक्षणात सामील होणार नाही, न्याय-गृहखात्याच्या सहकार्यात वरून लादलेले चालणार नाही आणि संघाचे नागरिकत्व डॅनिश नागरिकत्वाची जागा घेणार नाही. हे पदरात घेऊन १८ मे १९९३ ला पुन्हा विचारले, तेव्हा ५६.७ टक्के ‘हो’ आले. पहिल्या ‘नाही’ला मान मिळाला तो असा. त्या चारांतली संरक्षणाची सवलत काढायची वेळ ३० वर्षांनी आली, तेव्हाही सरकारने परस्पर काढली नाही. १ जून २०२२ ला मत घेतले, ६६.९ टक्के लोकांनी काढा म्हटले, मग काढली.

आयर्लंडच्या बाबतीत आम्ही थोडे हात राखून बोलू. संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा नीस करार जून २००१ मध्ये ५३.९ टक्क्यांनी पडला, पण मतदान होते जेमतेम ३५ टक्के. देशाची लष्करी तटस्थता अबाधित राहील असे लेखी जाहीर झाल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये पुन्हा कौल घेतला. ६२.९ टक्के ‘हो’ आले, मतदानही ४९ टक्क्यांपर्यंत वाढले. तशाच पुढच्या लिस्बन करारालाही जून २००८ मध्ये ५३.४ टक्क्यांनी नकार मिळाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ६७.१ टक्क्यांनी होकार. तेव्हा संघाच्या कार्यकारी मंडळावर प्रत्येक देशाचा एक आयुक्त राहील, कर आणि तटस्थतेला हात लागणार नाही, अशा हमी मिळाल्या होत्या. मात्र कराराचे कलम न् कलम तेच होते. ज्यांना हे जबरदस्तीचे वाटले, त्यांचा राग आम्हाला समजतो.

त्याच देशातले दुसरे उदाहरण आम्हाला अधिक भावते. घटस्फोटावरची बंदी उठवायला १९८६ मध्ये ६३.५ टक्के लोकांनी नकार दिला. सरकारने तो ९ वर्षे पाळला. दरम्यान विभक्त जोडप्यांच्या मालमत्तेचे आणि पोटगीचे कायदे केले, कारण पहिल्या वेळी भीती त्याचीच होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये बंदी उठली ती अवघ्या ९,११४ मतांनी. नॉर्वेनेही १९७२ आणि १९९४, दोन्ही वेळा संघात जायला नकार दिला, मध्ये २२ वर्षे गेली.

खरी दगाबाजी पाहायची तर ग्रीस पाहा. ५ जुलै २०१५ ला ६१.३ टक्के लोक कर्ज देणाऱ्यांच्या अटींना ‘नाही’ म्हणाले आणि आठवड्याभरात सरकारने कडक अटी पत्करून टाकल्या. तिथे निकाल पाळला गेला नाही आणि लोकांना पुन्हा विचारलेही नाही.

प्रश्न (मोहोळ) : आमच्याकडे दारू दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान घ्यायचे चालले आहे. मतदानाला आलेल्यांपैकी बहुतेक बाया ‘आडवी बाटली’, म्हणजे दुकान बंद, म्हणाल्या तरी दुकान चालूच राहू शकते, असे कळले. हे कसे?

उत्तर : बरोबर कळले. २००८ च्या शासन आदेशापासूनची रचना अशी, की आधी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला आलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. यादीत १,००० नावे आहेत, ६०० जणी आल्या, त्यांतल्या ४८० जणींनी बाटली आडवी केली. आलेल्यांत हे ८० टक्के झाले, पण लागणार होती ५०१ मते. दुकान चालू.

त्यामुळे पहिले काम यादीचे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि मयतांची नावे यादीत राहिली की ती आपोआप ‘उभी बाटली’च्या पारड्यात जातात. सह्या जमवण्याआधी नावे वगळण्याचे अर्ज भरून घ्या. मतदानाच्या दिवशी शेतावर गेलेल्या बायकांना आणायची सोय करा. चालू नियम उत्पादन शुल्क खात्यातून लेखी घ्या, अशा आदेशांत दुरुस्त्या होत असतात.

स्कॉटलंडला हाच फटका १९७९ मध्ये बसला. स्वतंत्र विधिमंडळ हवे असे ५१.६ टक्के मतदार म्हणाले, पण कायद्यात अट होती एकूण यादीच्या ४० टक्क्यांची. प्रत्यक्षात भरले ३२.९. विधिमंडळ बारगळले, आणि ७४.३ टक्क्यांचा कौल यायला १९९७ उजाडावे लागले. अट आधीच लिहिलेली होती म्हणून निकाल कायदेशीर होता. पण घरी बसलेला माणूस ‘नाही’त धरला जातो हे लोकांना नीट सांगितले गेले नाही, तर पिढीभर सल राहतो.

प्रश्न (अक्कलकोट) : गोव्याला १९६७ मध्ये विचारले, आम्हाला कुणी विचारले? आणि गोव्याचा तो निकाल मराठी माणसाने कायमचा मान्य करायचा का?

उत्तर : गोव्याचे आधी. संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेतला. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१. विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते दयानंद बांदोडकर तेव्हा मुख्यमंत्री होते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांनी आधी राजीनामा दिला. कौल हरल्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. म्हणजे सरकार म्हणून हवेत, विलीनीकरण नको, असे त्याच मतदारांनी सांगितले. सत्ता हातात येऊनही गोवा केंद्रशासितच राहिला. हरलेल्या बाजूने निकाल कसा पाळावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडत नाही आणि ते मराठी माणसाचे आहे याचा आम्हाला अभिमान आहे. ३० मे १९८७ ला गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. तो पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हताच, त्यामुळे त्याने जुना कौल मोडला असे होत नाही.

आता अक्कलकोट. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली अनेक गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत असे सुचवले. ती शिफारस होती, कौल नव्हता. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम ३ नुसार संसदेला आहे. गोव्यासारखा कौल घ्यायचा तर वेगळा कायदा करावा लागतो.

समजा तसा कायदा झाला, तर पहिला वाद घटकाचा होईल. अख्खा तालुका एक धरला तर एक उत्तर येईल, गावागणिक मोजले तर दुसरे. खेडे हा घटक, सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची भूमिका आहे, आणि आम्हालाही गाव हाच घटक न्याय्य वाटतो. पण मग कन्नडबहुल गाव उलट बोलले तर तेही ऐकावे लागेल. ब्रिटनने संपूर्ण देश हा एकच घटक धरला, म्हणून स्कॉटलंडचे ६२ टक्के ‘राहा’ एकूण बेरजेत बुडाले. तिथला राग अजून निवलेला नाही.

प्रश्न (सात रस्ता) : प्रचारात धडधडीत खोटे सांगितले गेले असेल तर निकाल रद्द व्हायला नको?

उत्तर : खोटे कुणी सांगितले यावर ते अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये प्रचाराच्या बसवर लिहिले होते की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती आणि आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने हे दिशाभूल करणारे असल्याचे मतदानाआधीच सांगितले होते. उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूकडे वेळ होता. अशाने निकाल रद्द होऊ लागले तर जगात एकही निवडणूक टिकणार नाही.

स्वित्झर्लंडचे प्रकरण वेगळे होते. विवाहित जोडप्यांवरचा जादा कर हटवण्याबद्दल फेब्रुवारी २०१६ मध्ये मतदान झाले आणि प्रस्ताव ५०.८ विरुद्ध ४९.२ टक्क्यांनी पडला. दोघेही कमावतात अशी ८० हजार जोडपी या कराखाली येतात, असे सरकारनेच मतदारांना सांगितले होते. खरा आकडा ४ लाख ५४ हजार निघाला. ज्याच्या माहितीवर विश्वास ठेवायचा त्या सरकारचाच आकडा चुकला आणि फरक इतका थोडा, म्हणून न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते मतदान रद्द केले. उलट आयर्लंडमध्ये १९९५ ला घटस्फोटाच्या कौलात सरकारने ‘हो’च्या प्रचारावर जनतेचा पैसा खर्च केला, तो घटनाबाह्य ठरला, पण त्यामुळेच निकाल फिरला हे सिद्ध झाले नाही म्हणून कौल टिकला. चूक झाली एवढे पुरत नाही, चुकीने निकाल बदलला असण्याची दाट शक्यता दाखवावी लागते.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी) : आम्ही टॉवेल निर्यात करतो. ब्रिटन परत संघात जाईल या आशेवर जुनीच व्यवस्था ठेवावी का?

उत्तर : नाही. लंडनच्या घाऊक व्यापाऱ्याला पूर्ण कंटेनर देऊन त्यानेच पुढे जर्मनीला माल पाठवायचा, ही पद्धत आता महाग पडते. माल ब्रिटनमध्ये उतरताना तिथली लागू असेल ती जकात आणि पुढे संघात शिरताना संघाची, असे दोनदा भरावे लागू शकते. ब्रिटन आणि संघ यांच्यातली जकातमाफी त्यांच्याकडे तयार झालेल्या मालाला आहे. सोलापुरात विणलेला टॉवेल तिथे फक्त नवीन खोक्यात भरला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. जर्मनीचा माल वेगळा बांधून थेट हॅम्बुर्गला पाठवा, किंवा ग्राहकाला ब्रिटनमध्ये बंधित गोदाम (जकात न भरता माल ठेवता येणारे) वापरायला सांगा. ग्राहकाचा ‘जीबी’ने सुरू होणारा आयातदार क्रमांक फक्त ब्रिटनपुरता चालतो, संघासाठी वेगळा लागतो. बेलफास्टचा माल असेल तर आधी विचारून घ्या, उत्तर आयर्लंडला मालाचे नियम बऱ्याच अंशी संघाचेच आहेत.

प्रश्न (बार्शी) : पुन्हा कधी विचारायचे हे आधीच ठरवून ठेवता येत नाही का?

उत्तर : येते. न्यूझीलंडने निवडणूक पद्धत बदलताना १९९२ मध्ये आधी विचारले, बदल हवा का, आणि हवा असेल तर चारांतला कोणता. ८४.७ टक्के बदल हवा म्हणाले. मग कायद्याचा पूर्ण मसुदा लोकांसमोर ठेवून १९९३ मध्ये बंधनकारक मत घेतले, तेव्हा पाठिंबा ५३.९ वर आला. मसुदा वाचल्यावर कौल असा खाली येतो, म्हणून तो दाखवूनच मत घ्यावे. २०११ मध्ये पुन्हा विचारले, ५७.८ टक्क्यांनी नवी पद्धत ठेवली. आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही, त्यामागेही हाच विचार आहे. निर्णयाला काम करून दाखवायला वेळ मिळाला पाहिजे.

प्रश्न (होटगी रोड) : आमच्या सोसायटीत ४८ सदनिका. पाणी रोज येत नाही म्हणून पार्किंगमध्ये मोठा हौद बांधायचा ठराव १६ विरुद्ध १५ मतांनी झाला. आम्ही १५ जण तो पुन्हा सभेत आणू शकतो का?

उत्तर : आदर्श पोटनियमांप्रमाणे मंजूर ठराव ६ महिने उलटल्याशिवाय रद्द करायला आणता येत नाही. आधी तुमच्या संस्थेचे नोंदलेले पोटनियम काढून तपासा.

पहिली तपासणी अशी, की ठराव नको आहे की बेकायदा आहे? विशेष सभेची पूर्ण ५ दिवसांची नोटीस मिळाली होती का, हौदाचा विषय त्यात होता का? गणपूर्तीला दोन-तृतीयांश किंवा २० सदस्य, यांतला कमी आकडा धरतात. तुमच्याकडे ३१ जण होते, म्हणजे ती भरली. नोटिशीत खोट असेल तर ६ महिने थांबू नका, समितीला लेखी हरकत द्या आणि दाद मिळाली नाही तर उपनिबंधकांकडे जा.

सगळे नियमात असेल तर ठराव पाळा आणि वर्गणी थांबवू नका. वर्गणी थकली की थकबाकीदार म्हणून तुमचेच म्हणणे लंगडे पडते. दरम्यान दोन गोष्टी मिळवा. पार्किंगच्या स्लॅबला आणि पायाला खोदकामाने धोका नाही असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल, आणि गच्चीवर जादा टाक्या बसवण्याचे दरपत्रक, त्यात भरलेल्या टाक्यांचे वजन स्लॅब पेलेल का याच्या हिशेबासह. १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन, हे विसरले की गच्ची गळायला लागते. ६ महिन्यांनी एक-पंचमांश सदस्यांच्या, म्हणजे तुमच्याकडे १० जणांच्या, सह्यांनी विशेष सभा मागा. समितीने ती महिन्याच्या आत बोलवायची असते. विषयपत्रिकेवर ‘ठराव रद्द करणे’ एवढेच लिहू नका. ‘हौदाऐवजी गच्चीवर अमुक लिटरच्या टाक्या, खर्च अमुक’ असे लिहा. आणि स्वतः हजर राहा. सदस्यांनी मागितलेल्या सभेत अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर ती तहकूब होत नाही, बरखास्त होते. तोपर्यंत ठेकेदाराने खड्डा खणला असेल, तर बुजवायचा खर्चही त्याच कागदावर मांडा.